नळीवर नाव कोणाचे? टस्कीगीच्या पेशी-प्रयोगशाळेचा विस्मृत इतिहास

मागील महिन्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक मुलगी आली. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणाली, "दादा, आमच्या लॅबमध्ये निबंधावर नावं सरांची आणि पीएच.डी.वाल्यांची असतात. पण काचेचं सामान धुणाऱ्या मावशी आठवडाभर सुटीवर गेल्या, तर सगळ्यांच्या पेशी मरायला लागतात. त्या मावशी आपल्याच. आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसणारी आपल्यातली मी एकटीच."

या मुलीने नकळत विज्ञानाच्या इतिहासाचा गाभ्याचा प्रश्न विचारला आहे. प्रयोगशाळेत काम कोण करतो आणि नाव कोणाचे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतील एका काळ्या विद्यापीठाचा इतिहास सापडला. तो आपल्या तरुणांपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून हा लेख.

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्था आणि १८८१ साली ती उभी करणारे बुकर टी. वॉशिंग्टन हे आपल्याला ठाऊक आहेत. या संस्थेच्या इमारतींसाठी विटा पाडल्या त्या तेथील विद्यार्थ्यांनीच. १९४३ साली कार्व्हर गेले आणि आपल्या मनातली टस्कीगी तिथेच थांबली. परंतु पुढे दहाच वर्षांनी त्याच आवारात जे घडले, ते आपल्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे.

त्याची सुरुवात टस्कीगीत नव्हे, बाल्टिमोर शहरात होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही काळी स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारासाठी आली. ती तंबाखूच्या शेतात राबत मोठी झालेली, पाच लेकरांची आई. रुग्णालयात काळ्यांसाठी वेगळा वॉर्ड होता. उपचारादरम्यान तिच्या गाठीचा तुकडा काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. संशोधनासाठी तिची परवानगी कोणी घेतली नाही.

या प्रयोगशाळेत हात कोणाचे होते ते पाहा. गाय यांच्या पत्नी मार्गारेट या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका. प्रयोगशाळेतील निर्जंतुकतेची शिस्त त्यांनी बसवलेली. तो तुकडा बारीक कापून नळ्यांत ठेवला तो मेरी कुबिसेक या तरुण सहायिकेने. रुग्णाच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन तिने नळीवर लिहिले, 'हेला'. त्याआधी प्रयोगशाळेत आणलेल्या मानवी पेशी काही दिवसांत मरत. या पेशी मात्र साधारण दर २४ तासांनी दुप्पट होऊ लागल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी हेन्रिएटा गेली. तिच्या पेशी आजही वाढत आहेत. पुढे कित्येक वर्षे त्या 'हेलन लेन' नावाच्या भलत्याच स्त्रीच्या म्हणून सांगितल्या गेल्या.

त्या काळात पोलिओ अमेरिकेतील आईबापांची झोप उडवत होता. जोनास साल्क यांची लस तयार होत होती. ती काम करते की नाही हे तपासायचे, तर लस घेतलेल्या मुलांचे रक्तद्रव जिवंत विषाणूत मिसळून पेशींवर टाकायचे. प्रतिपिंडे तयार झालेली असतील तर पेशी जगतात, नसतील तर विषाणू त्यांना मारतो. यासाठी माकडांच्या पेशी वापरणे फार महाग होते. हेला पेशींना पोलिओची लागण होते, हे मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी गाय यांच्यासोबत दाखवून दिले. आता लाखो नळ्या पेशी हव्या होत्या. त्या वाढवणार कोण?

पोलिओ निवारणासाठी निधी उभारणाऱ्या राष्ट्रीय प्रतिष्ठानात चार्ल्स बायनम हे काळे अधिकारी होते. हे केंद्र टस्कीगीला द्यावे, म्हणजे काळ्या तरुणांना प्रशिक्षण आणि नोकऱ्या मिळतील, असा आग्रह त्यांनी धरला. प्रतिष्ठानचे अध्यक्ष बेसिल ओ'कॉनर हेच टस्कीगीच्या विश्वस्त मंडळाचेही अध्यक्ष होते. काम टस्कीगीला मिळाले.

कार्व्हर यांनी आयुष्यभराची बचत घालून उभारलेल्या संशोधन प्रतिष्ठानात १९५३ साली ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते रसेल ब्राउन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स हेंडरसन. दोघेही काळे. दोघांनी मिनेसोटात जाऊन मानवी पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून घेतले आणि परत येऊन काळ्या तरुण-तरुणींना शिकवले. पाच-सहा जणांपासून सुरू झालेला हा चमू पुढे सुमारे ३५ जणांचा झाला.

पेशी वाढवणे म्हणजे काय काम असते? काचेच्या बाटल्या आणि नळ्या अशा धुवायच्या की साबणाचा अंशही राहता कामा नये, कारण तेवढ्यानेही पेशी मरतात. वाफेच्या दाबाखाली सगळे निर्जंतुक करायचे. पोषकद्रव तयार करायचे. पेशी मोजून नळ्यांत भरायच्या. रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. बुरशीचा एक कण आत गेला की आठवड्याची मेहनत वाया. त्यात अलाबामाचा उन्हाळा. दूरवरच्या प्रयोगशाळांपर्यंत पेशी जिवंत पोहोचाव्यात म्हणून तापमान राखणारे खोके बनवावे लागले. हे सारे करून १९५३ ते १९५५ या काळात टस्कीगीतून सुमारे ६ लाख नळ्या देशभर गेल्या. १९५४ च्या लसचाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी होती. तिच्या तपासणीचा मोठा भार या नळ्यांनी उचलला.

आता ही चाचणी ज्या समाजात चालू होती तो समाज आठवा. अलाबामात बसमध्ये, शाळेत, पाण्याच्या नळावर काळ्या-गोऱ्यांची विभागणी कायद्याने होती. काळ्यांना पोलिओ फारसा होतच नाही, असे म्हणणारे गोरे डॉक्टर होते. गोऱ्यांच्या केंद्रात काळ्या पोलिओग्रस्तांना जागा नव्हती, म्हणून १९४१ साली टस्कीगीतच त्यांच्यासाठी वेगळे केंद्र काढावे लागले होते. अशा राज्यात काळ्या तंत्रज्ञांच्या हातून, एका काळ्या स्त्रीच्या पेशींच्या आधारे साऱ्या देशाच्या मुलांची लस तपासली गेली.

"त्यांच्यात गुणवत्ताच नसते" हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्याला टस्कीगीने युक्तिवादाने नव्हे, ६ लाख नळ्यांनी उत्तर दिले. जागा, पैसा आणि प्रशिक्षण या तीन गोष्टी मिळाल्या आणि काही महिन्यांत जगातील सर्वात नव्या विज्ञानाचे काम उभे राहिले. पण ते उभे राहू शकले, कारण सत्तर वर्षे आधीपासून काळ्यांची स्वतःची संस्था तिथे उभी होती. संस्था नसती तर बायनम यांचा आग्रह कोणत्या दारात जाऊन थांबला असता?

तरीही आम्ही टस्कीगीचे केवळ गुणगान करणार नाही. याच परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांचा 'अभ्यास' केला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. टस्कीगी संस्थेचा या अभ्यासाला सहकार्याचा हात होता. रुग्णांना जोडून ठेवणारी परिचारिका युनिस रिव्हर्स काळीच होती. एका बाजूला जीव वाचवणाऱ्या नळ्या, दुसऱ्या बाजूला जीव जाताना पाहत बसलेले विज्ञान. यातून घेण्याचा धडा स्पष्ट आहे. आपला माणूस संस्थेत असणे पुरेसे नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते.

पेशी-केंद्राचे पुढे काय झाले? खासगी कंपन्या हेला पेशी वाढवून विकू लागल्या आणि १९५५ साली टस्कीगीचे केंद्र बंद झाले. १२ एप्रिल १९५५ रोजी लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. त्या दिवशीच्या भाषणात साल्क यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचीही नावे घेतली नाहीत. मग टस्कीगीतील नळ्या धुणाऱ्या मुलींची कोण घेणार? हेन्रिएटाच्या कुटुंबाला तर तिच्या पेशी जिवंत आहेत हे १९७३ साली कळले. त्या पेशींतून नफा कमावणाऱ्या एका मोठ्या कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ साली.

बाबासाहेबांनी काळ्यांच्या प्रश्नाकडे नेहमी आपला प्रश्न म्हणून पाहिले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते याच नात्याने. आणि त्याआधी १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दिलेल्या निवेदनात त्यांनी एक नेमकी गोष्ट मांडली होती. अस्पृश्यांना केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण पुरणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, ते आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात. म्हणजे प्रयोगशाळेत प्रवेश हा बाबासाहेबांच्या कार्यक्रमाचाच भाग आहे. आपण मात्र स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभे राहून तो विसरत चाललो आहोत.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. विद्यापीठातील प्रयोगशाळा सहायक, तंत्रज्ञ आणि संशोधक यांची किती राखीव पदे रिक्त आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या वस्तीतील विज्ञान शाखेच्या मुलामुलींना फी आणि पुस्तकांसाठी वर्गणी करून उभे करा. आणि जिथे आपण पोहोचू, तिथे धुणाऱ्या हातांचे नाव लिहायला विसरू नका.

त्या मुलीला आम्ही म्हणालो, "तुझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मावशींचे पूर्ण नाव लिही." ती गप्प झाली. दोन वर्षे एकाच खोलीत काम करूनही तिला मावशींचे नाव माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने ते विचारले आणि वहीत लिहून घेतले.

जयभीम!