काविळीची वनस्पती आणि प्रयोगशाळेची कसोटी



कावीळ म्हटली की भुईआवळी किंवा कुटकी आठवावी, ही आपल्या घरांतील जुनी रीत. युरोपातही असाच मान एका काटेरी झुडपाला होता. पानांवर दुधी रेषा असलेल्या या ‘मिल्क थिसल’चा रस मधातून घेतल्यास पित्त निघून जाते, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात नमूद केले आहे. त्याच्या फळांतील ‘सिलिमरिन’ हे द्रव्य म्यूनिकच्या हिल्डेबर्ट वाग्नर व सहकाऱ्यांनी वेगळे केले, ते मात्र १९६८ मध्ये.

त्याच सुमारास नवे संकट उभे राहिले होते. ताप उतरविणाऱ्या पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताचा नाश होतो, हे ब्रिटनमध्ये १९६६ साली प्रसिद्ध झाले. पुढे प्रयोगशाळांतून एक ठराविक परीक्षा रूढ झाली. उंदरांच्या एका गटाला नुसते पॅरासिटामॉल द्यावयाचे. दुसऱ्याला आधी वनस्पतीचा अर्क आणि मग पॅरासिटामॉल. त्यानंतर रक्तात उतरलेली यकृताची एन्झाइमे मोजावयाची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून सिद्ध केलेले ‘पिक्रोलिव्ह’ही अशा प्रयोगांत उतरले. कित्येक अर्कांनी उंदरांची यकृते राखली.

परंतु मेख येथेच आहे. उंदराला अर्क आधी मिळतो. रुग्ण येतो तो विष पोटात गेल्यावर. शिवाय पॅरासिटामॉल मुळात फारसे विषारी नाही. यकृतात त्याचे रूपांतर होताना थोडा अंश विषारी बनतो व ग्लुटाथिऑन हे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. तो साठा संपला की पेशी मरू लागतात, हे अमेरिकेत जेरी मिचेल व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखविले. अर्काने ही रूपांतराची क्रियाच मंदावली, तरी उंदीर वाचतो. तेवढ्यावरून त्याला उतारा म्हणता येत नाही.

खरा उतारा या ज्ञानातून निघाला. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये ग्लुटाथिऑनचा साठा भरून काढणारे अॅसिटिलसिस्टीन शिरेतून देऊन रुग्ण वाचविल्याचे प्रसिद्ध केले. आजही तेच देतात, आणि आठ तासांच्या आत दिल्यास ते सर्वांत गुणकारी ठरते.

म्हणून जुन्या वनस्पती टाकाऊ ठरत नाहीत. सिलिमरिनमधील सिलिबिनिन युरोपात विषारी अळंब्यांच्या बाधेवर आजही वापरतात. मात्र पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत पहिल्या दिवशी कावीळ दिसतही नाही. ती दिसण्याची वाट पाहत, घरी काढा उकळत, ते आठ तास दवडू नयेत, एवढे या इतिहासाने आपल्याला शिकविले आहे.