बिऱ्हाडाची यादी



'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी म्हण आपण सहज वापरतो. परंतु ही सोय विंचवाला आहे, माणसाला नाही. बदली झाली म्हणून बेळगावहून धारवाडास किंवा इंदूरहून ग्वाल्हेरीस जावयाचे ठरले, तरी घरात आठ आठ दिवस खल चालतो. पाटा-वरवंटा न्यावयाचा की तिकडे नवा घ्यावयाचा, आजोबांची आरामखुर्ची कोणाच्या माडीवर ठेवावयाची, पितळेचे घंगाळ विकावे की बरोबर घ्यावे, अशा प्रश्नांना अंत नसतो. मग समुद्र ओलांडून कायमचे जावयाचे असेल, परतण्याची आशा नसेल आणि काय न्यावे हे ठरविण्याचा अधिकारही सर्वस्वी आपला नसेल, तर ही निवड माणूस कशी करीत असेल?

ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात एका ठिकाणी फार तपशिलाने लिहिलेले सापडते. ते ठिकाण म्हणजे १९३३ ते १९४१ ह्या काळातील जर्मनी. उत्तर लिहिणारे म्हणजे तो देश सोडून निघालेली ज्यू कुटुंबे, आणि त्यांनी ते लिहिले ते सरकारी कचेरीत सादर करावयाच्या सामानाच्या यादीत.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू राहत होते. एकंदर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. त्यांपैकी अनेक घराणी पिढ्यान्पिढ्या तेथेच नांदलेली होती. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी पेढीवाला, कोणी शाळामास्तर. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि सरकारी नोकरीतून त्यांना काढून टाकण्याचा कायदा झाला. १९३५ साली न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. देश सोडावा असे ज्यांना वाटू लागले, त्यांची संख्या दर वर्षी वाढत गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, तोपर्यंत जर्मनीतून सुमारे २ लाख ८२ हजार ज्यू बाहेर पडले होते.

हे लोक जावेत अशीच नाझी सरकारची इच्छा होती. मात्र माणसे जावीत आणि त्यांची मालमत्ता मागे राहावी, असा त्या सरकारचा डाव होता. देश सोडणाऱ्या धनिकांवर शेकडा २५ कर बसविणारा एक हुकूम हिटलरच्या पूर्वीच, १९३१ साली, निघालेला होता. प्रथम तो दोन लाख मार्कांहून अधिक मालमत्तेला लागू होता. १९३४ साली ही मर्यादा पन्नास हजारांवर आणली गेली, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबेही त्या कचाट्यात सापडली. कर भरून जे उरे, ते गोठविलेल्या खात्यात जाई. त्याचे परकीय चलन करून घेण्यासाठी सरकारी बँकेस एवढी सूट द्यावी लागे की, युद्ध सुरू झाले त्या सुमारास शंभर मार्कांतील जेमतेम चार मार्क हाती पडत. खिशात रोख नेण्याची परवानगी होती ती माणशी फक्त दहा मार्कांची.

रोकड नेता येत नाही, पण घरसामान नेता येते, हे ध्यानात येताच लोकांनी काय केले असेल ते सांगावयास नको. बँकेत पडून कुजणाऱ्या पैशांतून त्यांनी वस्तू घेतल्या. चादरी, कापड, शिवणयंत्र, टाइपरायटर, कॅमेरा, दंतवैद्याची खुर्ची, डॉक्टरची उपकरणे. परक्या मुलखात ह्यांतील काही वापरता येईल, काही विकता येईल, असा तो हिशेब होता. बिऱ्हाड हलविणाऱ्या कंपन्या खोलीएवढी मोठी लाकडी पेटी तयार करून देत. तिला 'लिफ्ट' असे म्हणत. ती दाराशी येई, सामान भरून तिला मोहोर लागे, आणि आगगाडीने हाम्बुर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदरात जाऊन ती यारीने बोटीवर चढविली जाई.

आता आपला मूळ प्रश्न. ह्या पेटीत काय भरावयाचे? ज्याचा देश ठरला होता त्याला थोडा तरी अंदाज बांधता येई. कोणत्या देशात हवा कशी, चलन काय, प्रवेशाचे नियम कोणते, ही माहिती पुरविण्यासाठी ज्यू साहाय्य संस्था पत्रके छापीत असत. १९३८ साली बर्लिनच्या फिलो प्रकाशनाने ह्याच कामासाठी 'फिलो-अॅटलास' नावाचा एक छोटा कोशही काढला. परंतु पुष्कळांना कोणत्या देशाचा परवाना मिळेल हेच ठाऊक नसे. आज अर्ज अमेरिकेचा, उद्या आशा ब्राझीलची, आणि अखेरीस बोट मिळे ती शांघायची. अशा माणसाने लोकरी कोट घ्यावा की सुती सदरे? म्हणून त्याने बहुधा दोन्ही घेतले, आणि त्याखेरीज ज्यांच्यावाचून घर घरासारखे दिसणार नाही अशा वस्तू घेतल्या. आईकडून आलेले जेवणाचे टेबल, चिनी मातीच्या थाळ्यांचा संच, पियानो, आणि गटे व शिलर ह्यांचे ग्रंथ. ज्या देशाने त्यांना परके ठरविले होते, त्याच देशाचे वाङ्मय ते पेटीत घालून नेत होते.

पॅलेस्टाइनला गेलेल्या कुटुंबांची ह्यात मोठी पंचाईत झाली. बर्लिनच्या प्रशस्त दिवाणखान्यासाठी केलेली ओकची कपाटे तेल अवीवच्या दोन खोल्यांत मावेनात. नहारियासारख्या नव्या वसाहतींत तर काही कुटुंबांनी रिकाम्या लिफ्टचेच घर किंवा कोठीघर केले. पेटीतील घरापेक्षा पेटीच अधिक उपयोगी पडली!

सरकारही स्वस्थ बसले नव्हते. माणसे पैशांच्या वस्तू करून नेत आहेत हे पाहून त्याने वस्तूंवर पहारा बसविला. १९३८ च्या हुकुमानंतर प्रत्येक कुटुंबाला सर्व सामानाची यादी आगाऊ सादर करणे भाग पडले. यादीचे तीन भाग असत. पहिला भाग १ जानेवारी १९३३ पूर्वी घेतलेल्या वस्तूंचा, दुसरा त्यानंतर घेतलेल्यांचा, आणि तिसरा केवळ परदेशगमनासाठी घेतलेल्यांचा. नव्या वस्तूंवर जबर आकार बसे आणि पुष्कळदा तो वस्तूच्या किमतीएवढा असे. मग जकात अधिकारी घरी येई, यादीशी सामान ताडून पाही आणि त्याच्या देखत पेटी भरावी लागे. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीत सिनेगॉग जाळले गेले आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत डांबण्यात आले. देश सोडून जाण्याची हमी दिल्यावर त्यांतील पुष्कळांची सुटका झाली. त्यानंतर जी घाई उडाली, तीत सरकारी मागण्या अधिकच कठोर होत गेल्या. फेब्रुवारी १९३९ मध्ये सोने, चांदी व जवाहीर सरकारी गहाणवट दुकानांत जमा करण्याचा हुकूम निघाला. विवाहाची अंगठी, एक चांदीचे घड्याळ आणि जेवणाच्या चमच्या-काट्यांचे माणशी दोन संच, एवढेच ठेवण्याची मुभा होती.

अशा रीतीने ज्या याद्या तयार झाल्या, त्या वाचताना मन थक्क होते. सहा उशांचे अभ्रे, बारा हातरुमाल, एक चहागाळणी, मुलाचे वापरलेले बूट, आणि पुढे खरेदीचे साल. आपल्या घरातील हातरुमालांची संख्या आपणांपैकी किती जणांना सांगता येईल? ह्या लोकांना ती सांगावी लागली. गृहिणीने संसार मांडताना जे मोजले नसेल, ते संसार मोडताना मोजले.

ह्या काळातील एका प्रसिद्ध बिऱ्हाडाची हकिकत सांगण्यासारखी आहे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला, तेव्हा मनोविश्लेषणशास्त्राचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉइड हे व्हिएन्नात राहत होते. वय एक्याऐंशी, आणि शरीरात कर्करोग. त्यांच्याकडे इजिप्त, ग्रीस व रोम येथील दोन हजारांहून अधिक प्राचीन मूर्ती व वस्तूंचा संग्रह होता. त्याची सरकारी किंमत कमी ठरविली गेली आणि तो सुटला. करभरणीच्या कामी त्यांच्या शिष्या राजकन्या मारी बोनापार्त ह्यांनी साहाय्य केले. ग्रंथसंग्रहातील काही भाग फ्रॉइडना मागे सोडावा लागला. ४ जून १९३८ रोजी त्यांनी व्हिएन्ना सोडले, आणि काही आठवड्यांनी रुग्णांची प्रसिद्ध बैठक, ग्रंथ व मूर्ती लंडनला पोहोचल्या. त्यांची खोली व्हिएन्नात होती तशीच पुन्हा मांडण्यात आली. आज ते घर संग्रहालय आहे. परंतु त्यांच्या चार वृद्ध भगिनी व्हिएन्नातच राहिल्या आणि पुढे नाझी छावण्यांत मरण पावल्या. फ्रॉइड १९३९ मध्येच निवर्तले, म्हणून हे त्यांना कळले नाही. मूर्तींना परवाना मिळाला, बहिणींना मिळाला नाही.

सर्वांत लहान यादी मुलांची होती. डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले आईबापांना सोडून इंग्लंडला पाठविली गेली. त्यांतील बहुतेक ज्यू होती. प्रत्येकाजवळ स्वतःला उचलता येईल एवढे सामान आणि दहा मार्क. मौल्यवान वस्तू नेण्यास बंदी. त्या पेटीत काय घालावे हे ठरविताना त्या आईची काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो. मूल वाढेल म्हणून दोन मापे मोठा कोट घालावा, की आजच्या मापाचा? ह्यांतील पुष्कळ मुलांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत.

थोडी कुटुंबे आणि एकटेदुकटे लोक आपल्या मुंबईसही आले. कार्ल्सबाड येथे जन्मलेले व बर्लिनला संगीत शिकलेले वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत उतरले आणि १९३७ ते १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची जी परिचयधून आपल्या अनेक पिढ्यांनी पहाटे ऐकली, तिचे श्रेय त्यांनाच दिले जाते. विद्या ही न चोरली जाणारी संपत्ती, असे आपल्याकडे म्हणतात ते ह्या अर्थाने खरेच आहे. तिला जकात नव्हती. तथापि त्यावरून फार समाधान मानून घेऊ नये. विद्या बरोबर नेण्यासाठी आधी माणसाला सुटावे लागते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पेटले आणि बंदरे बंद झाली. पुष्कळ कुटुंबे आधी निघून गेली होती आणि त्यांच्या हजारो पेट्या हाम्बुर्गच्या गोदीत पडून होत्या. १९४१ पासून गेस्टापोने त्या जप्त करून लिलावात काढल्या. नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने परदेशी गेलेल्या ज्यूंचे नागरिकत्व व मालमत्ता दोन्ही खालसा झाली. इटलीच्या ट्रीस्ट बंदरात अडकलेल्या पेट्याही पुढे जर्मनांच्या हाती लागल्या. ज्या टेबलासाठी कर भरला, ज्या चादरींची मोजदाद केली, त्या वस्तू शेजारच्या शहरातील सामान्य गृहस्थांनी स्वस्तात बोली लावून घरी नेल्या.

ऑक्टोबर १९४१ मध्ये देश सोडण्यासही बंदी झाली. त्यानंतर ज्यांना पूर्वेकडे धाडण्यात आले, त्यांच्याकडूनही यादी घेण्यात आली. ती सोळा पानांची होती. घरातील कपाटे, खुर्च्या, गाद्या, कपडे, सर्व काही लिहून खाली सही करावयाची आणि सुमारे पन्नास किलो सामान घेऊन निघावयाचे. फरक एवढाच की, पहिल्या यादीत बरोबर न्यावयाच्या वस्तू होत्या आणि ह्या यादीत मागे ठेवावयाच्या. बर्लिन परिसरातील अशा हजारो फायली पॉट्सडॅमच्या सरकारी दफ्तरखान्यात जतन केलेल्या आहेत.

युद्धानंतर चक्र उलटे फिरले. १९५७ साली पश्चिम जर्मनीने हिरावलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा केला, तेव्हा लुटीच्या सोयीसाठी लिहवून घेतलेल्या ह्याच याद्या लुटीचा पुरावा म्हणून पुढे आल्या. ज्यांच्याजवळ प्रत नव्हती, त्यांनी न्यू यॉर्कमध्ये, हैफात, ब्वेनोस आयरेसमध्ये बसून आठवून आठवून पुन्हा यादी लिहिली. अलीकडच्या वर्षांत ब्रेमरहाव्हन येथील जर्मन सागरी संग्रहालयाचे संशोधक त्या पेट्यांचा व त्यांतील वस्तूंचा माग काढीत आहेत.

वर्गात इतिहास शिकविताना आपण तह आणि लढाया ह्यांच्या सनावळ्या पाठ करून घेतो, आणि ते आवश्यकही आहे. परंतु राज्य अन्यायाने चालू लागले म्हणजे त्याची पहिली खूण पुष्कळदा घरातील कपाटापाशी दिसते. तुझ्याजवळ काय आहे, ते केव्हा घेतलेस, त्यातले किती नेऊ देऊ, असे शासन एका जमातीलाच विचारू लागले, की तो प्रश्न केवळ सामानाचा राहत नाही. जर्मनीतील ज्यूंच्या बाबतीत हातरुमालांच्या मोजदादीपासून सोळा पानी यादीपर्यंत मध्ये अवघी तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत शेजाऱ्यांनी पेट्या भरताना पाहिल्या, दाराशी उभे असलेले जकात अधिकारी पाहिले आणि पुढे लिलावाच्या जाहिरातीही वाचल्या. त्या याद्यांतील प्रत्येक ओळ ह्या शेजाऱ्यांविषयीही काही सांगते. ती वाचणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवावे.