वणीचा वकील, पापळचा बॅरिस्टर

जुन्या वऱ्हाडात ‘वकील’ आणि ‘बॅरिस्टर’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात नसत. वकील गावोगावी होते. बॅरिस्टर म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस. त्याचे नाव घेताना ‘बॅरिस्टर’ आधी लागे आणि आडनाव मागून येई. परदेशात कायदा शिकण्याचा इतिहास आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. यवतमाळच्या बाजूने पाहिले की तो वेगळा दिसतो.

आधी ‘परदेश’ म्हणजे काय ते पाहू. माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी, २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला जन्मले. तेव्हा वऱ्हाड हा कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये तो कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. पण निजामाची नाममात्र सत्ता कागदावर उरलीच. विधिमंडळात झालेले कायदे वऱ्हाडाला आपोआप लागू होत नसत, हुकूम काढून ‘लागू करावे’ लागत. म्हणजे वणीचा मुलगा कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची परीक्षा देत होता, तेव्हाच तो काटेकोर अर्थाने परमुलखाचा कायदा शिकत होता! आमच्या जिल्ह्याचे नावही तेव्हा स्थिर नव्हते. पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद जोडून यवतमाळ झाला.

कलकत्ताच का? नागपूरला विद्यापीठ यायला १९२३ साल उजाडावे लागले. अणे मॉरिस कॉलेजातून बी. ए. झाले, अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कुलात त्यांनी १९०४ ते १९०७ शिकवले, १९०७ मध्ये कलकत्त्याची बी. एल. मिळवली आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली सुरू केली. मास्तरकी करत मिळवलेली ही पदवी. लंडनचा विचार अशा माणसाला परवडणारा नव्हता.

आता लंडनकडे वळू. बॅरिस्टर होण्यासाठी ‘इन’ नावाच्या चारपैकी एका संस्थेत नाव घालायचे, बारा सत्रे म्हणजे साधारण तीन वर्षे काढायची आणि रोमन कायदा व इंग्रजी कायद्याच्या परीक्षा द्यायच्या. सत्र भरले हे सिद्ध कसे व्हायचे? जेवणांनी. दर सत्रात ठरावीक रात्री इनच्या दालनात जेवायला बसले की हजेरी लागली. पंगतीला बसून पदवी मिळण्याचा हा प्रकार आपल्याकडे कुणाला सांगितला तर थट्टा वाटेल, पण नियम तसाच होता. आणि या सगळ्याचा शेवट बहुधा उन्हाळ्यात होई. मे-जूनचे ट्रिनिटी सत्र म्हणजे जेवणे पुरी करण्याचे आणि सनदेच्या समारंभाचे दिवस. गांधीजींना १० जून १८९१ रोजी सनद मिळाली, ११ जूनला त्यांनी हायकोर्टात नाव नोंदवले आणि १२ जूनला बोट धरली. हिंदू आणि मुसलमानी कायद्यातले आपल्याला काहीच येत नव्हते, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. वारसा, दत्तक आणि गहाणखतांचे कज्जे चालवणाऱ्या यवतमाळच्या साध्या वकिलाचे पोट मात्र नेमक्या त्याच ज्ञानावर भरत होते.

हा उन्हाळा सर्वांनाच लाभला असे नाही. सावरकर ग्रेज इनची परीक्षा उत्तीर्ण झाले होते, पण १९०९ च्या उन्हाळ्यात इनच्या धुरीणांनी त्यांना सनद नाकारली. पंगतीला बसवणारेच पंगतीतून उठवूही शकत होते. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये त्याच इनमध्ये दाखल झाले. १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा साठवून, मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. सनदेसाठी जून १९२२ उजाडला. विलायतेतल्या कायद्याच्या शिक्षणात बुद्धीपेक्षा पैशाचा प्रश्न किती मोठा होता, हे या पाच वर्षांवरून कळते.

वऱ्हाडच्या शेतकरी समाजातून हे धाडस केले ते पंजाबराव देशमुखांनी. अमरावती जिल्ह्यातले पापळ हे त्यांचे गाव, जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरोची पदवी, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी अशी तिहेरी कमाई करून ते १९२६ मध्ये अमरावतीला आले. मला विशेष वाटते ते हे की, मुंबईच्या हायकोर्टाकडे न जाता ते जिल्ह्याच्या ठिकाणीच बसले. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

बॅरिस्टर मोठा की वकील, या वादात मला रस नाही. अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडायचा, आणि मोडणारा स्वतः वकील! त्यासाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला. कुठला कायदा पाळायचा आणि कुठला मोडायचा, हे ना कलकत्त्याच्या बी. एल. मध्ये होते, ना इनच्या जेवणांत.

दोन्ही वाटा नंतर एका ठिकाणी मिळाल्या, ती गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुसदजवळच्या गहुलीच्या बंजारा कुटुंबातले वसंतराव नाईक (जन्म १ जुलै १९१३) नागपूरलाच कायदा शिकले. त्यांना ना कलकत्त्याची परीक्षा द्यावी लागली, ना बोट धरावी लागली. वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला पंजाबरावांच्या हाताखाली केली. विलायतेहून आणलेली विद्या अशी तांड्यावरच्या मुलापर्यंत पोचली, आणि तिथून ते पुसदला येऊन बसले. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकील-बॅरिस्टर हा भेद कायद्यातून काढला, तेव्हा नाईक महाराष्ट्राचे महसूलमंत्री होते आणि बापूजी अणे ऐंशी ओलांडून गेले होते.