वाटेवरच्या वेद्या

देवाच्या नांवानें माणसानें उभारलेल्या वास्तु जगांत असंख्य आहेत. परंतु ज्या पुरुषाला यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिन्ही समाज आपला पूर्वज म्हणून मान देतात, त्या अब्राहामानें, बायबलाच्या कथेप्रमाणें, एकहि देऊळ बांधलें नाहीं. जेथें तळ पडला तेथें दगड रचून त्यानें वेदी केली, देवाचें नांव घेतलें आणि तंबू उचलून तो पुढें चालूं लागला. त्या वाटेवरच्या वेद्यांचा मागोवा आज आपण घेऊं.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अब्राहामाचें चरित्र बायबलाच्या ‘उत्पत्ति’ या ग्रंथांत आलें आहे. त्याचा उल्लेख असलेला समकालीन लेख मात्र सांपडलेला नाहीं. इसवी सनापूर्वीं सुमारें २००० वर्षें हा त्याचा काळ, असें पूर्वीं पुष्कळ पंडित खात्रीनें सांगत. टॉमस टॉम्सन व जॉन व्हॅन सेटर्स यांचे ग्रंथ १९७४ व १९७५ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून ती खात्री ओसरली. कथेंत ‘खास्दी लोकांचें ऊर’ असें म्हटलें आहे, आणि हे खास्दी लोक तर इतिहासांत त्यानंतर कित्येक शतकांनीं पुढें आले. तेव्हां अनेक पिढ्यांनीं जतन केलेली व त्यांच्या मुखीं घडत गेलेली ही आठवण आहे, असें समजूनच आपण तिच्याकडे पाहूं.

ऊर नगर मात्र काल्पनिक नाहीं. दक्षिण इराकांत लेनर्ड वुली यांनीं १९२२ पासून १९३४ पर्यंत उत्खनन करून त्याचें वैभव उजेडांत आणलें. चंद्रदेव नन्ना याचें तें क्षेत्र. उर-नम्मू राजानें त्याच्यासाठीं बांधावयास घेतलेल्या टप्प्याटप्प्यांच्या विटांच्या मनोऱ्याचा खालचा भाग आजहि तेथें उभा आहे. अब्राहामाचा पिता तेरह अन्य देवांची सेवा करी, असें यहोशवाच्या ग्रंथांत स्पष्टच म्हटलें आहे. हा तेरह कुटुंब घेऊन फरात नदीच्या बाजूनें सुमारें ६०० मैल उत्तरेकडे हारान येथें आला. हारान आज तुर्कस्तानांत मोडतें. आणि विशेष हा कीं, तेंहि चंद्रदेवाचेंच क्षेत्र होतें. गांव बदललें, पण उपासना बदलण्याचें कारण पडलें नाहीं. तेरह तेथेंच राहिला आणि तेथेंच वारला.

खरी यात्रा येथून पुढें. देश, गोत आणि वडिलांचें घर हीं तिन्ही सोडण्याची आज्ञा अब्राहामाला झाली. जावयाच्या देशाचें नांव मात्र सांगितलें गेलें नाहीं. त्याचें वय तेव्हां ७५ वर्षांचें होतें व पत्नी सारा निपुत्रिक होती. कनान देशांत शखेम येथें, हा देश तुझ्या संततीला मिळेल, असें त्याला वचन मिळालें. देशांत वस्ती दुसऱ्यांची, आणि संततीचा तर पत्ता नाहीं. तरी त्यानें पहिली वेदी तेथें बांधली. दुसरी बेथेल व आय यांच्यामधल्या डोंगरावर बांधली.

इतक्यांत दुष्काळ पडला व तो मिसर देशांत उतरला. तेथें जिवाच्या भयानें त्यानें पत्नीला बहीण म्हणविलें, आणि ती फारोच्या वाड्यांत नेली गेली. मिसरांत वेदी बांधल्याचा उल्लेख नाहीं. परतल्यावर मात्र तो बेथेलच्या जुन्या वेदीपाशींच आला. ग्रंथकारानें येथें उपदेशाचा एक शब्दहि खर्चिला नाहीं. पण वाट चुकलेला वाटसरू शेवटच्या ओळखीच्या खुणेकडे वळतो, तसें हें परतणें आहे. पुढें चराईवरून तंटे होऊं लागले, तेव्हां पुतण्या लोट याला त्यानें आधीं निवड करूं दिली, आणि स्वतः हेब्रोनाजवळ मम्रे येथें राहून तिसरी वेदी बांधली.

देवळावांचून उपासना टिकते काय, असें कोणी विचारील. त्याचा दाखला आपल्या कोंकणांतच आहे. अलिबागच्या परिसरांतले बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा शनिवारीं बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचें पहिलें सिनेगॉग मुंबईस १७९६ सालीं उभें राहिलें. त्यापूर्वींच्या कित्येक पिढ्या त्यांनीं शनिवारची विश्रांति आणि आठव्या दिवसाची सुंता, ही अब्राहामाच्या कराराची खूण, घरोघर जतन केली होती.

चौथी वेदी मोरियाच्या डोंगरावरची. ही कथा श्रद्धेची परिसीमा म्हणून सांगतात. पण तिच्या आधींची कथा वगळणें न्यायाचें नव्हे. सारेला इसहाक झाल्यावर दासी हागार व तिचा पुत्र इश्माएल यांना अब्राहामानें भाकरी व पाण्याची मसक देऊन रानांत लावून दिलें. त्या दिवशीं तो पहाटेस उठला होता. इसहाकाला घेऊन मोरियास निघाला त्या दिवशींहि तो पहाटेसच उठला. एक पहाट एका पुत्राला वाळवंटाच्या स्वाधीन करणारी, दुसरी पहाट दुसऱ्याला सुरीच्या! मुलाच्या पाठीवर लांकडें होतीं, बापाच्या हातीं विस्तव व सुरी होती. कोंकरूं कोठें आहे, असें मुलानें विचारलें, तेव्हां देव पाहून घेईल, एवढेंच बापाला बोलवलें.

दोन्ही प्रसंगीं आकाशवाणी झाली आणि दोन्ही मुलें वांचलीं. बलिदानास नेलेला पुत्र इश्माएल होता, असें बहुतेक मुसलमान मानतात. बकरी ईद ही त्याच प्रसंगाची स्मृति. यहुदी परंपरेंत या कथेला ‘बांधणें’ या अर्थाचें नांव आहे, कारण मुलगा बांधला गेला, पण बळी गेला तो मेंढा. मला कथेचें मर्म येथेंच दिसतें. ‘चाल’ म्हणणारी वाणी ऐकून निघणारे पुष्कळ असतात. हात उगारल्यावर ‘थांब’ म्हणणारी वाणी ज्याला ऐकूं येते तो विरळा.

यानंतर अब्राहामानें वेदी बांधल्याचें नमूद नाहीं. सारा १२७ वर्षांची होऊन वारली, तेव्हां तिला पुरण्यापुरतीहि भूमि त्याच्यापाशीं नव्हती. एफ्रोन हित्ती याजकडून मकपेलाची गुहा व शेत त्यानें ४०० शेकेल रुपें तोलून, गांवच्या वेशींत साक्षीदारांसमक्ष विकत घेतलें. ज्याला अवघा देश देण्याचें वचन होतें, त्यानें दाम देऊन घेतली ती ही थडग्याची जागा. १७५ व्या वर्षीं तो वारला, तेव्हां इसहाक आणि इश्माएल या दोघांनीं मिळून त्याला त्याच गुहेंत पुरलें.

तेंच स्थान म्हणून हेब्रोन येथें मानली जाणारी वास्तु आज यहुदी व मुसलमान या दोघांनाहि पवित्र आहे. त्याच हेब्रोन शहरांत १९२९ सालीं ६७ यहुदी मारले गेले. त्याच वास्तूंत १९९४ सालीं एका सशस्त्र यहुद्यानें नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना ठार केलें. दोन्ही वेळां मारणाऱ्यांना आपण अब्राहामाचेच वंशज आहों असें वाटत होतें. पण त्याच्या कथेंतलीं मुलें बापाच्या थडग्यापाशीं एकत्र आलीं होतीं, आणि त्याची शेवटची वेदी सुरी खालीं ठेवण्याची होती. चार दगड रचून पुढें निघून गेलेल्या त्या यात्रिकाचा वारसा जमिनींत शोधावा कीं त्या आवरलेल्या हातांत, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.