राधाबाई : पेशव्यांच्या घरांतील मातुश्री



पेशव्यांचा इतिहास आपण लहानपणापासून मोहिमांच्या क्रमानें शिकतों. पालखेड, भोपाळ, वसई, उदगीर, पानिपत हीं नांवें आपल्याला पाठ असतात. परंतु या मोहिमांवर जाणारे पुरुष ज्या घरांतून निघाले त्या घराकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें, त्या राधाबाई या घराच्या जवळजवळ तेहतीस वर्षें वडीलधाऱ्या होत्या. बाळाजी विश्वनाथाच्या त्या पत्नी, थोरल्या बाजीरावाच्या व चिमाजीआप्पाच्या आई, आणि नानासाहेब, रघुनाथराव व सदाशिवरावभाऊ यांच्या आजी. त्या काळच्या पत्रांत 'मातुश्री' या एका शब्दानें त्यांचा निर्देश होतो, आणि वाचणाऱ्याला त्याहून अधिक कांहीं सांगावें लागत नसे.

राधाबाईंचें माहेर कोंकणांतील नेवरें येथील बर्वे घराणें. सासर श्रीवर्धनच्या भटांचें. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उपद्रवामुळें बाळाजी विश्वनाथाला कोंकण सोडून घाटावर यावें लागलें, आणि तेव्हांपासून या बाईंचा संसार स्थिर असा फार थोडा काळ राहिला. राज्यांत शाहू व ताराबाई यांची दुही माजलेली, गांवोगांवचे सरदार आपापल्या गढ्यांत राजे होऊन बसलेले. दमाजी थोरातानें बाळाजीपंतास कैद केलें, तेव्हां त्यांची बायकामुलेंही त्याच्या हातीं सांपडलीं. शाहूछत्रपतींनीं दंड भरून त्यांची सुटका केली. आईच्या पदराआड राहून ज्या मुलांनीं ती कैद पाहिली, त्यांपैकीं एकानें पुढें उत्तरेंत मराठ्यांची सत्ता रोवली व दुसऱ्यानें वसई घेतली. अशा प्रसंगीं आईनें धीर सोडला असता तर तो धीर मुलांना दुसऱ्या कोणापासून मिळाला नसता.

सन १७१३ मध्यें बाळाजीपंत पेशवे झाले. १७१९ मध्यें दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणि शाहूच्या मातुश्री येसूबाई यांना घेऊन ते परतले. आणि २ एप्रिल १७२० रोजीं सासवड येथें त्यांचें देहावसान झालें. थोरला मुलगा बाजीराव त्या वेळीं विशीच्या आंतला होता. दरबारांतील अनुभवी मुत्सद्यांच्या मतें एवढ्या मोठ्या पदाला तो लहान होता. शाहूनें त्यालाच वस्त्रें दिलीं. बाहेरचा भार बाजीरावानें उचलला. घरचा भार मागें राहिलेल्या आईवर आला.

हा घरचा भार म्हणजे स्वयंपाक व सणवार एवढाच नव्हे, हें त्या काळचें राजकारण पाहिल्याशिवाय ध्यानांत यावयाचें नाहीं. मराठी राज्याचे सातारा व कोल्हापूर असे दोन तुकडे झाले, ते भाऊबंदकीमुळेंच. मोंगल बादशाहींत तर भावाभावांच्या लढाईनेंच तख्ताचा निकाल होत असे. अशा युगांत बाजीराव व चिमाजीआप्पा हे दोघे भाऊ वीस वर्षें एकमेकांच्या पाठीशीं उभे राहिले. एक माळव्यांत, तर दुसरा कोंकणांत. एक राजाजवळ, तर दुसरा लष्करांत. १७२८ मध्यें अमझेऱ्याची लढाई चिमाजीनें जिंकली आणि त्याच मोहिमेच्या ओघांत बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडांत उतरला. ही एकदिली म्हणजे पेशव्यांचें खरें भांडवल होतें. ती केवळ राधाबाईंनीं निर्माण केली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या घरांत ती वाढली त्या घराच्या मध्यभागीं त्या होत्या, हें विसरतां येत नाहीं. त्यांच्या मुलींकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. भिऊबाई बारामतीच्या जोशांच्या घरीं दिली; अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या घरीं. या अनुबाईंनीं पतीच्या मागें पुष्कळ वर्षें संस्थानाचा कारभार स्वतः पाहिला.

सन १७३० च्या ऑगस्टमध्यें चिमाजीला मुलगा झाला. महिना पुरा होण्यापूर्वींच त्या बाळाची आई रखमाबाई वारली. बाप मोहिमेवर, मूल आजीच्या मांडीवर आलें. हाच पुढें पानिपतचा सदाशिवरावभाऊ. पन्नाशीच्या आसपास, वैधव्यांत, नातवंडासाठीं पुन्हा पहिल्यापासून रात्री जागवणें हें काम आपल्या घरोघरच्या कित्येक आज्यांनीं केलेलें आहे. त्याची नोंद बखरींत होत नाहीं. पण भाऊची हिशेबावरील नजर, करारीपणा व शिस्त यांची चर्चा करतांना इतिहासकारांनीं या मांडीचीही आठवण ठेवावयास हवी.

राधाबाईंच्या आयुष्यांत एकच प्रसंग असा आहे, कीं जेथें त्या स्वतः इतिहासाच्या रंगभूमीवर येतात. तो म्हणजे त्यांची उत्तरयात्रा. १७३५ च्या फेब्रुवारींत त्या पुण्याहून निघाल्या. बऱ्हाणपूर, उदेपूर, नाथद्वार, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा हा प्रवास करून त्या १७३६ च्या उन्हाळ्याअखेर परतल्या. बाजीरावाचें नांव ऐकतांच ज्या प्रदेशांत कोट-किल्ल्यांचे दरवाजे बंद होत, त्याच प्रदेशांत त्याच्या आईसाठीं दरवाजे उघडले. उदेपूरच्या राण्यानें सन्मान केला. सवाई जयसिंगानें जयपुरास पावसाळ्यांत आपल्या आश्रयास ठेवून घेतलें. इतकेंच नव्हे, तर ज्या महंमदखान बंगशाला बाजीरावानें १७२९ मध्यें बुंदेलखंडांत जेरीस आणलें होतें, त्यानेंही या यात्रेकरू बाईंच्या वाटेला अडथळा होऊं दिला नाहीं. शत्रूच्या मनांत धाक असतो; पण धाकामुळें वाट मिळते, आदर मिळत नाहीं. राधाबाईंना दोन्ही मिळालीं. राजपूत दरबारांचें मन पेशव्यांविषयीं कसें आहे, याचा अंदाजही या यात्रेंत आपोआप आला, आणि १७३६ मध्यें बाजीराव स्वतः राजपुतान्यांत जाऊन जयसिंगास भेटला. त्या सालीं बादशहापुढें त्यानें ज्या मागण्या मांडल्या, त्यांत मथुरा, प्रयाग, काशी व गया हीं क्षेत्रें आपल्या हातीं यावींत ही एक होती. त्या क्षेत्रांची धूळ त्याच्या आईच्या पायांना नुकतीच लागलेली होती.

यानंतरचीं वर्षें दुःखाचीं आहेत. बाजीराव व मस्तानी यांच्या संबंधामुळें घरांत व पुण्याच्या ब्राह्मणसमाजांत जें वादळ उठलें तें सर्वश्रुत आहे. १७४० च्या प्रारंभीं बाजीराव गोदावरीकांठीं नासिरजंगाशीं लढत असतां मस्तानी पुण्यांत अटकेंत होती, आणि घरांतील मंगलकार्यें कर्त्या पुरुषावांचून उरकलीं. आईच्या एका बाजूस पराक्रमी पण हट्टी मुलगा. दुसऱ्या बाजूस शास्त्र, लोकापवाद, काशीबाईसारखी सोशिक सून आणि नातवंडांचीं अडलेलीं कार्यें. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें बाजीराव वारला. त्या दुःखाला आठ महिने होतात न होतात तोंच १७ डिसेंबरला चिमाजीआप्पाही गेला, आणि त्याची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. दहा वर्षांचा भाऊ आतां आईबापांवांचून झाला. एका वर्षांत दोन्ही मुलगे गमावलेल्या या बाईंनीं डोळे पुसून पुन्हा त्याच नातवाचा हात धरला.

त्याच वर्षीं पेशवेपदावर दुसऱ्यानें हक्क सांगितला, तोही परका नव्हता. बारामतीचा बापूजी नाईक हा राधाबाईंच्या जांवयाचा, आबाजी नाईकाचा भाऊ. रघूजी भोसल्याच्या पाठिंब्यानें तो पुढें आला. म्हणजे मुलीचें सासर एका बाजूला आणि नातवाचें पद दुसऱ्या बाजूला! शाहूनें पद नानासाहेबाला दिलें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. न सांगितल्यास ही आठवण खुशामत होईल. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर हाही राधाबाईंचाच नातू. बापाच्या मरणानंतर त्याला घरानें टाकलें नाहीं. काशीबाईंच्या देखरेखीखालीं तो वाढला, आणि पुढें पानिपतावर भाऊच्या बरोबरीनें लढून जखमांनीं मेला. परंतु ज्या घरांत इतर नातवांच्या मुंजी झाल्या, त्या घरांत त्याची झाली नाहीं. प्रेमाला जें कळत होतें तें धर्मशास्त्राच्या तत्कालीन अर्थानें मान्य केलें नाहीं, आणि त्या अर्थापलीकडे जाण्याचें बळ त्या घराच्या वडीलधाऱ्या माणसांत नव्हतें. आपल्या पूर्वजांवर प्रेम करतांना त्यांची ही मर्यादाही पाहण्याचें धैर्य आपणांस हवें. नाहीं तर ज्यांना त्या प्रेमाची उणीव भासली त्यांच्यावर आपण दुसऱ्यांदा अन्याय करतों.

१७५३ च्या मार्चमध्यें राधाबाई निवर्तल्या. त्या वेळीं विश्वासराव व माधवराव हे पणतू घरांत खेळत होते. जाण्यापूर्वीं नानासाहेब व भाऊ यांचा १७५० मधील बेबनाव, आणि भाऊच्या हातीं कारभार येऊन तो मिटला, हेंही त्यांनीं पाहिलें. पुढचें मात्र पाहावें लागलें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं ज्याला त्यांनीं मांडीवर वाढविलें तो भाऊ व पणतू विश्वासराव दोघेही पानिपतांत पडले. त्याच वर्षीं नानासाहेब गेले. आणि नंतर काकापुतण्यांचें तें वैर वाढून १७७३ मध्यें शनिवारवाड्यांतच नारायणरावाचा खून झाला. राधाबाई हयात असत्या तर हें टळलें असतें, असा दावा इतिहासाला करतां येत नाहीं. मात्र दोन पिढ्या ज्या घरांत भाऊ भावासाठीं झिजला, तिसऱ्या पिढींत तें घर आंतून फुटलें, एवढें खरें.

पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांत लढायांच्या बातम्यांशेजारीं मुंजी, लग्नें, दुखणीं, बाळंतपणें यांचीही पत्रें निघालीं. पूर्वीं अभ्यासक तीं पानें घाईनें उलटीत. आतां तशी घाई करूं नये. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं जुनीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, पणजीच्या हातचीं टिपणें ट्रंकेच्या तळाशीं पडून असतील. त्यांत राज्यें जिंकल्याची हकीकत नसेल. कोणीं कोणाचें पोरकें मूल वाढविलें, कोणीं कोणाचें भांडण मिटविलें, एवढेंच असेल. तीं वाळवी लागण्यापूर्वीं एकदां वाचून पाहावींत, आणि घरांत जी आजी असेल तिला त्यांतील माणसें कोण तें विचारून घ्यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.