डॅशबोर्डमागचा संगणक

घरच्या संगणकाचेच भाग वापरून मोटारीत बसवलेला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा आणि डॅशबोर्डमधल्या टचस्क्रीनवरून हाताळायचा संगणक म्हणजे कारप्युटर. साधारण 1998 ते 2012 या काळात अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या हौशी मंडळींनी असे संगणक आपापल्या गॅरेजात जोडले. गाणी, नकाशा आणि इंजिनाची माहिती एकाच पडद्यावर आणायची, ही त्यांची धडपड होती. आज शोरूममधून निघणाऱ्या मध्यम किमतीच्या गाडीतही जी सोय असते, ती या मंडळींनी कितीतरी आधी स्वतःच्या हातांनी करून घेतली होती.

मोटारीला संगणक तोवर अगदीच अनोळखी नव्हता. 1977 च्या ओल्ड्समोबाइल टोरोनाडोमध्ये जनरल मोटर्सने इंजिनातल्या ठिणगीची वेळ ठरवण्यासाठी मायक्रोप्रोसेसर बसवला होता. पण तो बॉनेटखाली आपले काम करत राही, चालकाला त्याचा पत्ताही नसे. चालकासमोर पडदा आला तो 1985 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीच्या नेव्हिगेटरमुळे. त्याचे नकाशे कॅसेटवर असत, आणि उपग्रहाची मदत नसल्याने होकायंत्र व चाकांवरचे सेन्सर यांच्यावरून गाडीची जागा काढली जाई. पुढच्याच वर्षी ब्युइक रिव्हिएरात स्पर्शाने चालणारा पडदा आला. ही सारी यंत्रे बंदिस्त होती. कंपनीने दिले तेवढेच वापरायचे, स्वतःचे काही भरायची सोय नाही.

ही कोंडी फोडली एमपी3 ने. शेकडो गाणी एका हार्ड डिस्कवर मावू लागल्यावर सीडीचा गठ्ठा गाडीत बाळगणे निरर्थक वाटू लागले. क्लॅरिऑनने डिसेंबर 1998 मध्ये विंडोज सीईवर चालणारा, आवाजी आज्ञा ऐकणारा ऑटोपीसी 1,299 डॉलरना बाजारात आणला, पण त्याचा पडदा चिमुकला होता आणि किंमत भारी. 1999 मध्ये ब्रिटनमधल्या एम्पेग कंपनीचे यंत्र आले, आणि हौशींच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे ठरले. 220 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि लिनक्स, हे सगळे कार स्टीरिओच्या खाचेत बसेल एवढ्या आकारात होते. ते खाचेतून ओढून घरात न्यायचे, गाणी भरायची आणि परत सरकवायचे. आत लिनक्स असल्याने मालक त्यावर स्वतःचे प्रोग्रॅमही चालवत. ही कंपनी पुढे सोनिकब्लूने विकत घेतली आणि 2001 मध्ये उत्पादन थांबले. मागणी मात्र उरली, आणि ती लोकांनी स्वतःच भागवायला घेतली.

सुरुवातीचे कारप्युटर म्हणजे डिकीत ठेवलेला टेबलावरचा संगणक आणि त्याला जोडलेला इन्व्हर्टर. बॅटरीची 12 व्होल्टची एकदिश वीज इन्व्हर्टरने घरच्यासारखी उलटसुलट दिशेची करायची आणि संगणकाच्या पॉवर सप्लायने ती पुन्हा एकदिश करून 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर आणायची. या दुहेरी फेऱ्यात बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाई. शिवाय आकाराची अडचण होतीच. ती सुटली तैवानच्या व्हिया कंपनीच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डने. 17 सेंटीमीटर लांब-रुंद पाटीवर प्रोसेसरसकट सगळे बसवलेले असे, आणि त्यातला कमी वेगाचा प्रोसेसर पंख्याशिवायही चाले. आता संगणक सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये मावू लागला. जानेवारी 2005 मध्ये ॲपलचा साडेसोळा सेंटीमीटर लांब-रुंद आणि पाच सेंटीमीटर उंचीचा मॅक मिनी आला, तोही लोकांनी लगोलग गाड्यांत बसवला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘कार पीसी हॅक्स’ हे डेमियन स्टोलार्झ यांचे पुस्तक निघाले.

तरीही या कामातला खरा कस लागला तो विजेपाशी. मोटारीची वीज स्थिर नसते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण 14 व्होल्ट देतो, पण किल्ली फिरवून स्टार्टर मारला की व्होल्टेज क्षणभर सात-आठवर, थंडीत त्याहूनही खाली उतरते आणि संगणक बंद पडतो. उलट चालू इंजिनावर बॅटरीची तार सुटली तर व्होल्टेज एकदम कितीतरी पट उसळते आणि मदरबोर्ड जळू शकतो. गाडी बंद केल्यावर वेगळाच प्रश्न येतो. वीज तडक तोडली तर हार्ड डिस्कवरची माहिती बिघडते, आणि चालू ठेवली तर बॅटरी उतरते. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर 24 वॅटचा संगणक रात्रभर, म्हणजे बारा तास, चालू राहिला तर तिच्यातली निम्म्याहून अधिक वीज संपते. मग सकाळी गाडी सुरू होण्याची खात्री नाही.

याला उत्तर म्हणून खास पॉवर सप्लाय तयार झाले. त्यांतला एम2-एटीएक्स 6 ते 24 व्होल्टपर्यंत कोणतीही वीज घेऊन संगणकाला हवी तशी देत असे. त्याची एक तार इग्निशनला जोडलेली असे. किल्ली फिरली की तो संगणक सुरू करी. किल्ली काढली की ठरावीक वेळ थांबून संगणकाला बंद होण्याची सूचना देई आणि मगच वीज तोडी. बॅटरी फार उतरली तरीही तो आपणहून बाजूला होई. हाताएवढ्या या पाटीत कारप्युटरची सगळी विश्वासार्हता साठवलेली होती. संगणक नव्याने सुरू व्हायला मिनिटभर लागे, म्हणून बहुतेक जण तो हायबरनेट करून ठेवत. त्यामुळे आदल्या वेळचे गाणे जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होई.

आवाजाचे दुखणेही असेच चिवट होते. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून किणकिण चढत जाई. संगणक आणि अँप्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी असल्याने अल्टरनेटरचा गोंगाट तारांत शिरे. सगळे अर्थिंग गाडीच्या सांगाड्यावर रंग खरवडून एकाच बोल्टला केले की बहुधा तो थांबे. हार्ड डिस्क लॅपटॉपचीच निवडत, कारण ती धक्के अधिक सोसते, पण उन्हात उभ्या गाडीतल्या उष्णतेपुढे तीही टिकेलच असे नसे.

पडदा बहुधा सात इंची असे, 800 बाय 480 बिंदूंचा. त्यावर विंडोजची बारीक चिन्हे चालत्या गाडीत बोटाने दाबणे अशक्य आणि धोक्याचेही. म्हणून रोडरनर, सेंट्राफ्यूज असे प्रोग्रॅम आले, ज्यांची बटणे अंगठ्याएवढी मोठी होती. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि स्वस्त जीपीएस रिसीव्हरही रस्ता अचूक सांगू लागला. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ओबीडी-2 ही बिघाड तपासण्याची जोडणी सक्तीची होती. तिच्यात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची ईएलएम327 चिप असलेली केबल खोचली की इंजिनाचे फेरे, कूलंटचे तापमान आणि बिघाडाचे संकेत पडद्यावर दिसत. एरवी हे बहुधा वर्कशॉपलाच कळे. गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीची ही माहिती मिळू लागली, हे कारप्युटरचे सर्वांत मोठे देणे मानावे लागेल.

ओहोटी लावली ती मोबाइल फोनने. 2007 मध्ये आयफोन आला, त्याच वर्षी फोर्डने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने सिंक ही फोन गाडीशी जोडणारी प्रणाली दिली, आणि 2014 मध्ये कारप्ले व अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले. फोनच गाडीच्या पडद्याला जोडता येऊ लागल्यावर सीटखालच्या वेगळ्या संगणकाची गरज उरली नाही. पूर्वीचे हौशींचे काम आता मोठ्या उद्योगाचे झाले. त्यात पुण्याचाही वाटा आहे. गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटीचे मुख्यालय तिथे आहे, तर चाकणला गाड्यांच्या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या हरमनचा कारखाना आहे.

मात्र याच काळात मोटारी आतून बंदही होत गेल्या. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून, इंटरनेटवरून घेऊन दाखवला आणि कंपनीला अमेरिकेतली 14 लाख वाहने दुरुस्तीसाठी बोलवावी लागली. असे प्रकार पाहता कंपन्यांनी गाडीच्या अंतर्गत जाळ्याला कुलूप लावणे समजण्यासारखे आहे, पण त्या कुलपाची किल्ली मालकाकडेही नसावी, हे पटत नाही. नव्या मोटारीत एसी, कॅमेरा आणि स्टीअरिंगवरची बटणे डॅशबोर्डवरच्या पडद्याशी बांधलेली असतात, म्हणून तो काढून दुसरा बसवणे जवळपास अशक्य झाले आहे. जुन्या गाडीत 180 बाय 50 मिलिमीटरची स्टीरिओची प्रमाणित खाच असते. त्यामुळे स्वतःचा संगणक जोडू पाहणारे आज जुनीच गाडी निवडतात आणि तिच्यात 2012 पासून मिळणाऱ्या, पत्त्याच्या पानाएवढ्या रास्पबेरी पायवर काम भागवतात.