रिकाम्या न्हाव्याची तुंबडी

‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण तुंबडी म्हणजे काय, हे वर्गातल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक मुले गप्प बसतील. म्हण राहिली, वस्तू मात्र गेली!

तुंबडी हे अंगातले रक्त काढण्याचे साधन. ‘सुश्रुतसंहिता’ या प्राचीन ग्रंथात अशी तीन साधने सांगितली आहेत: गाईचे शिंग, जळू आणि पोकळ भोपळा. शिंगाने रक्त तोंडाने ओढायचे. भोपळ्यात मात्र दिवा ठेवायचा. आतली हवा तापते, दिवा विझला की निवते, तिचा दाब कमी होतो. मग कातडी वर ओढली जाते आणि आधी पाडलेल्या बारीक चिरांतून रक्त येते. जळवांच्या तर सुश्रुताने बारा जाती सांगितल्या, सहा विषारी, सहा बिनविषारी. जळूच्या तोंडातल्या रसाने रक्त गोठत नाही, हे जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखवून दिले.

युरोपातही पुष्कळ काळ हे काम न्हावी करीत. पुढे डॉक्टरांनी त्याचा अतिरेक केला. १८३३ साली एकट्या फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणल्या! ताप येवो की न्युमोनिया होवो, काढा रक्त. रोगी उठला तर गुण उपचाराचा. दगावला तर दोष नशिबाचा.

मग पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरांनी काय केले? त्यांनी चक्क मोजणी केली. न्युमोनियाचे ७७ रोगी घेतले. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८ दगावले. उशिरा काढलेल्या ३६ पैकी ९. रक्त जितके लवकर काढावे तितके बरे, ही तर त्या काळची शिकवण! लुईंचा ग्रंथ १८३५ साली निघाला. प्रथा काही एका दिवसात मोडली नाही. पण ‘माझा अनुभव आहे’ म्हणणाऱ्याला ‘किती जणांचा?’ असे विचारण्याची वाट पडली.

म्हणून जुने ते सगळे टाकाऊच, असे मात्र समजू नका. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर त्यात साकळलेले रक्त काढायला आजही जळू लावतात. अमेरिकेने २००४ साली तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. जळू तीच, पण ती कोणाला, कशासाठी लावायची, हे आता पारखून ठरते.

गुरुजी, उद्या वर्गात ती म्हण आली, तर तुंबडीबरोबर ही मोजणीही मुलांना सांगा. गावात कोणी रामबाण उपाय घेऊन आला, तर हीच मुले त्याला विचारतील, “किती जणांना दिला? आणि त्यांतले किती बरे झाले?”